चौकोनांचा अंतरपाट

माझ्या धाकट्या जावेत एकही दोष नाही, आणि याबद्दल मी तिला आजवर क्षमा केलेली नाही.

माधुरी पुण्याची. आयटीत नोकरी, पुरणपोळी कापसासारखी, आणि वर भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन! पेन ड्राइव्ह खोचला की मशीन आपलं आपण मोर काढतं. असा एक मोर तिनं सासूबाईंच्या ब्लाउजच्या पाठीवर काढून दिला. तेव्हापासून सासूबाई इथं हैदराबादेत दिलसुखनगरच्या बाजारात भाजीवाल्याशीसुद्धा पाठमोऱ्या बोलायला लागल्या! (त्यांचे ब्लाउज बारा वर्षं मी हातानं शिवत होते. तेव्हा त्या सगळ्यांशी समोरून बोलायच्या.)

मग मीही मशीन घेतलं. जुनं, बंद पडलेल्या एका बुटिकमधलं. पण मशीन!

त्यातच नणंदेचं, आमच्या अश्विनीचं, लग्न ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "अंतरपाटावर दोघांची नावं हवीत, जरीत. माधुरी करेल."

"मी करते!" मी एवढ्या जोरात ओरडले की सासूबाईंच्या हातातला चहा बशीत आला.

अडचण एकच होती. भरतकामाचं डिझाईन करायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं. आमचा लॅपटॉप म्हातारा झाला म्हणून यांच्या मित्रानं त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं.

"ताई, माझ्या लॅपटॉपवर करून घ्या ना," माधुरी म्हणाली. गोड आवाजात! तिचा आवाजही गोडच आहे.

"नक्को!" मी म्हटलं. (माझं माहेर गौलीगुड्याचं. चिडले की मी अस्सल हैदराबादी होते.)

यांनी इंटरनेटवर शोधून निदान केलं. "अगं, सोपं आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायला 'वाईन' नावाचं एक सॉफ्टवेअर असतं. आधी वाईन टाकायची, मग सगळं चालतं."

"लग्नघरात?" स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडल्या. "आणि टाकणार कोण, सूनबाई?"

त्यांना समजावण्यात एक दुपार गेली. वाईन टाकण्यात तीन गेल्या. मध्येच स्क्रीनवर विचारणा आली, अमुक फॉन्ट सापडत नाहीत, आणायचे का? मला वाटलं, फुकटची भर कशाला? मी 'नको'वर टिचकी मारली. अख्ख्या प्रकरणातला हा एकमेव निर्णय मी कुणालाही न विचारता घेतला, हे इथं नमूद करते.

आणि काय सांगू, सॉफ्टवेअर उघडलं! मी 'अश्विनी' असं टाईप केलं. स्क्रीनवर सात रिकामे चौकोन आले. 'अमेय' टाईप केलं. चार चौकोन.

"अहो, हे काय?"

"स्क्रीनवर तसं दिसतं," हे पेपरातून मान वर न करता म्हणाले. "कापडावर बरोबर उमटेल. आत सगळं शाबूत असतं."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी रेशमी कापड ताणून बसवलं आणि बटण दाबलं. मशीननं सोनेरी जरीत एक सुबक चौकोन काढला. मला वाटलं, किनार असेल. दुसरा काढला. मला वाटलं, किनार जरा मोठी आहे. पाचव्या चौकोनाला मी 'अहो, धावा!' ओरडले, आणि जुन्या मशीनचं थांबवायचं बटण कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं!

हे धावत आले, प्लग खेचेपर्यंत अकरावा चौकोनही झाला होता. मग त्यांनी चष्मा लावून चौकोन मोजले. "बघ, वेलांटीचाही वेगळा चौकोन धरलाय. कामात चोख आहे हं!"

टाके उसवायला गेले तर रेशीम फाटायला लागलं. तेवढ्यात माधुरी दारात. "ताई, बघू ना अंतरपाट!"

"उद्याच बघ. सरप्राइज आहे."

ते खरंच सरप्राइज ठरलं. चिक्कडपल्लीच्या हॉलमध्ये गुरुजींनी अंतरपाट उलगडला. अकरा चौकोन दिव्यांत झळकत होते.

"शब्दकोडं आहे का हो?" अमेयचे मामा म्हणाले. "आडवे शब्द मुलाकडच्यांनी भरायचे काय?"

मी खांबाआड सरकले. माधुरीनं एकदा कापडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आयटीतली ती, तिला एका क्षणात सगळं कळलं. आणि तिनं मला वाचवलं!

"मामा, ते सात चौकोन म्हणजे सप्तपदी," ती शांतपणे म्हणाली. "आणि चार म्हणजे चार पुरुषार्थ."

"वाहवा!" गुरुजी म्हणाले.

"चाला बागुंदि!" आमच्या शेजारच्या लक्ष्मीगारू फोटो काढत म्हणाल्या. पाठोपाठ अख्खा हॉल 'छान, छान' करायला लागला.

"आमच्या माधुरीचं डोकं आहे ते!" सासूबाई व्याह्यांना सांगत सुटल्या. "तिचीच कल्पना असणार." माधुरी 'नाही, नाही, ताईंनी केलंय' म्हणत होती, तर लोक म्हणाले, "बघा, विनय पण किती!"

इथं माझा तोल गेला. तीन दुपारी मी खपले, वाईन मी टाकली, फॉन्ट मी नाकारले, आणि कौतुक तिचं? मी खांबाआडून निघाले, गुरुजींच्या हातातला माईक घेतला आणि दोन्ही घरांच्या तीनशे पाहुण्यांसमोर ओरडले, "ते पुरुषार्थ वगैरे काही नाही! लॅपटॉपात फॉन्ट नव्हते! ही चूक माझी आहे! फक्त माझी!"

लग्नाच्या व्हिडिओत 'शुभमंगल सावधान'च्या आधी हे सगळं स्वच्छ ऐकू येतं.

एवढं करूनही, पुढच्या आठवड्यात तसल्याच अंतरपाटासाठी तीन जणींचे फोन आले. तिन्ही माधुरीला! मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच आली. चेहरा पडलेला.

"ताई, शिकवाल का? माझ्या लॅपटॉपवर कितीही केलं तरी सरळ 'अश्विनी'च उमटतं हो. ते चौकोन काही केल्या येत नाहीत!"

आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं, जे माधुरीला येत नव्हतं. मी पदर खोचला, खुर्ची ओढली आणि मोठेपणानं म्हटलं, "बैस. पण एक सांगून ठेवते, इतकं चुकायला वेळ लागतो."