बियाची भेंडी

एमिलियाबायना मी खरं तर फारसं ओळखत नव्हतो. गास गावात त्यांच्या वाडीवर भाजी घ्यायला जायचो, एवढंच. आता त्या नाहीत. पण यंदा त्यांची भेंडी हिरवीगार उभी आहे, म्हणून लिहायला बसलो.

त्यांच्या आईकडून आलेल्या बियाण्याच्या भेंडीला कधी केवडा पडत नसे. केवडा म्हणजे पानं पिवळी करणारा विषाणूचा रोग. एका वर्षी मात्र सगळी वाडी पिवळी झाली. बघायला आलेल्या कृषी अधिकारी म्हणाल्या, "बियाणं तेच आहे, विषाणू बदललाय. स्वतःची नक्कल काढताना तो चुकतो आणि एखादी चूक त्याच्या फायद्याची ठरते. शिवाय एकाच झाडात दोन तऱ्हेचे विषाणू भेटले, की मिसळून तिसराच तयार होतो."

"म्हंजे माझ्याच वाडीत लग्नं लावतो, आन मलाच आवतान नाय!" बाय म्हणाल्या. "तो बदलतो, तर माझी भेंडीपन बदलेल."

दुकानातलं बी त्यांनी घेतलं नाही. पिवळ्या रानात एखादं झाड हिरवं राही, त्याचंच बी त्या दरवर्षी धरत.

शेवटचा गेलो, तेव्हा अशाच एका झाडावर भेंड्या लटकत होत्या.

"बाय, या द्या की."

"त्या बियाला हायेत, भाऊ. तुमी दुधी न्या."