तपासणीची तयारी

जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला तपासणी म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. साहेब येणार म्हटलं की तक्ते लावायचे, हुशार पोरं पुढच्या बाकावर बसवायची आणि अगदीच कच्च्या पोरांच्या आयांना निरोप धाडायचा, उद्या त्याला घरीच ठेवा. साहेब तेच चार प्रश्न विचारत, पोरं तीच चार उत्तरं देत. 'समाधानकारक' असा शेरा पडला की आम्ही सुटलो. मी यात तरबेज होते आणि मला त्याचा अभिमानही होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला बिचारी म्हणायला नको.

आम्हाला मूल झालं नाही. वय उलटून गेल्यावर आम्ही दोघांनी एक मुलगी सांभाळायला घेतली. दत्तक नव्हे, प्रतिपालक म्हणून. म्हणजे मूल सरकारच्या ताब्यातलं, सांभाळायचं आपण, आणि नीट सांभाळत नाही असं वाटलं तर ते परत नेणार. ती सात वर्षांची होती, माळशिरसकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली. आई वारलेली, बाप निघून गेलेला. तिला दोन वर्षांची एक बहीण होती. फार लहान म्हणून तिला आमच्या सोलापुरातच, पण वेगळ्या शिशुगृहात ठेवलं होतं.

मूल घरी येण्याआधी पालकांना मार्गदर्शन असतं. एका हॉलमध्ये दोन तास, पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि ती भराभर वाचून दाखवणारी एक बाई. मूल अन्न लपवेल, अंथरूण ओलं करेल, रागावू नका, अडलं तर फोन करा. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली. फोन मात्र एकदाही केला नाही. दुसऱ्यांची एवढी पोरं वळणाला लावलेल्या बाईनं एक पोर कसं सांभाळायचं हे फोनवर विचारायचं? तेवढी मस्ती माझ्या अंगात होती.

आणि सांगितलं होतं तस्संच झालं. उशीखाली भाकरीचे तुकडे, कपाटामागे शेंगाचटणीची पुडी, रोज सकाळी गादी ओली. शिवाय दिवसातून दहा वेळा एकच विचारणं. "माजी भन कुटं हाय? ती माज्याच हातनं खाती."

बहिणींची भेट घडवता आली असती. मुलांचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीकडे तशी मागणी करायची, एवढंच. पण मला भीती वाटली. बहीण भेटली की ही रडणार, रडली की कागदावर 'मूल रमलेलं नाही' असं येणार, आणि मग घेऊन जातील. तोवर माझा तिच्यात जीव अडकला होता. केस विंचरताना ती माझ्या गुडघ्यांना पाठ टेकून बसायची. तेवढं सुख सोडायची माझी तयारी नव्हती. सरळ सांगायचं तर मी स्वार्थी झाले.

दर तीन महिन्यांनी समितीच्या वतीने कार्यकर्त्या ताई घर बघायला येणार होत्या. मी तपासणीची तयारी केली. ओली गादी शेजारणीच्या गच्चीवर नेली, भाकरीचे तुकडे गोळा करून गाईला घातले, फ्रॉकला इस्त्री केली. आदल्या संध्याकाळी पोरीला समोर उभं केलं.

"ताई विचारतील, इथे आवडतं का?"

"व्हय."

"व्हय नाही, हो म्हणायचं. मग विचारतील, काही हवंय का?"

"माजी भन."

"ते ताईंपुढे काढायचं नाही. काढलंस तर तुला इथून घेऊन जातील. तू फक्त 'काही नको' म्हण. बहिणीचं काय ते मी बघते."

तिनं मान हलवली. हुशार होती, एकदा सांगितलं की पाठ.

ताईंनी खरोखरच विचारलं, "बहिणीची आठवण येते का गं?" पोरगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही. मला काही नको." मी पोह्यांवर खोबरं घालत होते. मनातल्या मनात तिला शाबासकी दिली.

दोन वर्षं हे असंच चाललं. गादी ओली व्हायची थांबली, बहिणीचं विचारणंही थांबलं. "बघा, रमली," मी ह्यांना म्हणाले. हे म्हणाले, "एकदा विचारून तरी बघ तिला." कशाला उगाच खपली काढायची, असं म्हणून मी विषय बंद केला.

मग ताई बदलल्या. नव्या आल्या त्या चहा पिता पिता म्हणाल्या, "धाकटीचं चांगलं झालं हो मॅडम. दत्तक गेली, परराज्यात. दोघींना एकत्र ठेवावं असं निघालं होतं, पण फाईलमध्ये दर वेळी एकच नोंद. मोठी विचारत नाही, ओढ दिसत नाही." जाताना त्यांनी शेरा लिहिला. समाधानकारक.

मी कचेरीत जाऊन अर्ज दिला. दत्तक गेलेल्या मुलाची माहिती देता येत नाही, असं उत्तर आलं. नियमच तसा आहे, भांडायलाही जागा नाही. घरी येऊन मी त्या लोकांना मनसोक्त शिव्या घातल्या. दोन तासांत आईबाप तयार करतात, घरी येतात ते रकाने भरायला, गच्चीवरची गादी एकालाही दिसली नाही. यातलं काहीच खोटं नाही. पण पोरीकडून पाठ कुणी करून घेतलं होतं?

आठवडाभर टाळून शेवटी मी तिला सांगितलं. ती स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होती. बहीण नव्या घरी गेली, मी पत्ता विचारला, त्यांनी दिला नाही.

"कवा इचारलं?"

"गेल्या महिन्यात."

तिचा हात थांबला. "त्याच्या आदी?"

मी खाली सांडलेली टरफलं गोळा करायला लागले.

"तुमी म्हनला हुता की, मी बघते," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी दर येळेला इचारत असाल."