दत्ताची शंभर पानी वही

फोन आला तेव्हा मी दुकानात एका मुलीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरत होतो. दत्ताचा धाकटा भाऊ म्हणाला, "बापू, दादा कंपनीच्या गेटवर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं व्हतं." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि त्या मुलीचा उरलेला फॉर्म भरला. प्रिंट काढली, पावती दिली. ती गेल्यावर शटर ओढलं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस. आदल्या संध्याकाळी याच स्टुलावर बसून माझ्या चहाला नावं ठेवत होता. महिना झाला, मला अजून ते खरं वाटत नाही.

दत्ता आणि मी राहू गावच्या शाळेत एका बाकावर. बारावीनंतर मी झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं हे दुकान टाकलं, तो शिकत सुटला. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., मग पीएच.डी. बांधावरच्या ज्या गवताला आम्ही विळा लावायचो, त्यावर त्यानं तीनशे पानं लिहिली. डॉक्टर म्हणजे इंजेक्शन देणारा, एवढंच गावाला माहीत; बायका त्याच्या आईकडं गुडघेदुखीच्या गोळ्या मागायच्या. पुढं कॉलेजात तासांवर शिकवलं, काही महिने काम असायचं, काही महिने नसायचं. कायमच्या जागेची वाट बघताना चाळिशी जवळ आली. मग तो कारखान्यांकडं वळला. शिरूरकडच्या एका कंपनीतल्या साहेबानं त्याची फाईल चाळली, उठून उभा राहिला, चहा पाजला आणि नोकरी दिली नाही. "सर, तुम्ही इथं टिकणार नाही," म्हणाला. असं चार ठिकाणी झालं.

तेव्हा मीच त्याला म्हणालो, आणि हे मला इथं कबूल करायचंय, "गाढवा, कशाला एवढं दाखवतोस? खोड की." माझ्याच कॉम्प्युटरवर आम्ही त्याचा बायोडाटा खोडत गेलो. आधी पीएच.डी. गेली, मग एम.एस्सी., मग बी.एस्सी. दोघंही हसत होतो. बारावीवर येऊन थांबलो तेव्हा मात्र त्यानं विचारलं, "मधली एवढी वर्षं काय केलं म्हणून सांगू?"

"म्हशी राखल्या म्हण."

पाचव्या कंपनीत त्यानं तसंच सांगितलं आणि पॅकिंगला हेल्पर म्हणून लागला. डिग्र्यांची फाईल माझ्या ड्रॉवरमध्ये आणून ठेवली. "घरी आई येईल त्याला दाखवती. कंपनीतलं कुणी आलं तर काम जाईल माझं." कामावरून आल्यावर अधूनमधून तो ड्रॉवर उघडून बसायचा. मला वाटायचं, डिग्र्या बघत बसतो बिचारा. म्हणून मी मुद्दाम पाठ करून चहा ठेवायचो.

दशक्रियेचा फ्लेक्स मीच छापून घेतला. त्यावर 'डॉ. दत्तात्रय' असं ठळक टाकलं. आता कुणाला भ्यायचंय, या रागानंच टाकलं. नदीकाठी माणसं जमत होती. न्हावऱ्याहून त्याच्या पॅकिंग लाईनवरचा एक सोबती मोटारसायकलवर आला. किसन त्याचं नाव, वयानं आमच्याच बरोबरीचा. त्यानं फ्लेक्स वाचला आणि गाडी वळवली. मी धावत जाऊन गाठलं.

"चुकून दुसऱ्याच्याच दहाव्याला आलो," तो म्हणाला. "फोटो तसाच दिसतोय, पर आमचं दत्ताभाऊ बारावी हाईत."

मी सगळं सांगितलं. त्यानं गाडी स्टँडला लावली. "मी त्यांना इंग्लिश शिकवत व्हतो वो... रजेचा अर्ज लिवाय येत न्हाई म्हणायचे. आपरेटर व्हायचं तर आलं पायजे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत रोज वही तपासायचो, लाल पेनानं. वरडायचो बी." मग नदीकडं बघत त्यानं विचारलं, "हसत आसतील का वो ते मला?"

दत्ताला चेष्टेची भारी खोड होती, आणि यातलं एक अक्षर तो माझ्याकडं बोलला नव्हता. कावळा शिवायच्या आतच किसन निघून गेला.

गेल्या आठवड्यात दत्ताच्या भावाला द्यावी म्हणून मी ती फाईल काढली. पीएच.डी.च्या सर्टिफिकेटच्या प्लॅस्टिकमध्ये, सर्टिफिकेटच्या पुढं, एक शंभर पानी वही होती. पहिल्या पानावर दत्ताचं अक्षर : 'शिक्षक : किसनराव'. आत नुसते इंग्रजी अर्ज. पहिल्यात लाल खुणाच खुणा, पुढच्यात कमी, त्याच्या पुढच्यात आणखी कमी. शिकाऊ माणूस सुधारत जावा तसा तो बेतानं चुका कमी करत गेला होता. मी हबकलो. आधी त्याचा राग आला, मग दुकानात गिऱ्हाईक असताना रडू आलं.

किसनला फोन केला. तो ड्यूटीवरून सरळ आला. पहिलं पान वाचून दत्ताच्या स्टुलावर बसला. वही भरली होती. शेवटच्या पानावरचा अर्ज तेवढा तपासायचा होता. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस रजा.

"ह्यो दावायचा ऱ्हायला," किसन म्हणाला. माझ्याकडून लाल पेन मागून घेतलं आणि एकेका शब्दाखाली टोक फिरवत अर्ज सगळा वाचला. चूक नव्हती. बरोबरची खूण केली, खाली 'छान' लिहिलं. मग विचारलं, "झालं का आईंचं आपरेशन?"

"कुठलं? राहूनच गेलं."

त्यानं माझ्या प्रिंटरमधून एक कोरा कागद ओढला. दत्ताचा अर्ज समोर ठेवून ओळीवर ओळ उतरवून काढली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. कागद घडी करून खिशात ठेवला. वही सर्टिफिकेटच्या पुढं होती तशी ठेवली, आणि ड्रॉवर त्यानंच लावला.