बर्फाच्या डब्यातले कान

धारगळला तो बसमध्ये चढला आणि बर्फाचा डबा मांडीवर घेऊन माझ्या पुढच्या सीटवर बसला. आमच्याकडे असा डबा दिसला की विचारावंच लागतं. त्याच्या शेजारच्या बाईनं विचारलं, "बांगडे काय रे?"

"मासळी नाय गे बाय. डुकरिणींच्या कानांचे तुकडे."

बाई उठून थेट माझ्या मागच्या सीटवर.

मला मात्र राहवेना. तो वराहपालन केंद्रात कामाला होता. कोवळ्या माद्यांच्या कानाचा कणभर तुकडा तपासला, की जनुकांवरून कुठली मादी एका वेतात जास्त पिल्लं देईल याचा अंदाज येतो. त्या ठेवायच्या, बाकीच्या विकायच्या. हे सांगताना तो बाळ निजवल्यासारखा डबा थोपटत होता.

झाकण उघडून त्यानं नळ्या दाखवल्या. एकीला लाल दोरा होता.

"ही माझ्या हाकेक धावता. तिचो रिपोर्ट बरो येवंदे म्हणान देवाक गाऱ्हाणं घातलंय."

"आणि रिपोर्ट वाईट आला तर?"

त्यानं आवाज खाली आणला. "तर मीच तिका घराक नेतलंय. बायलेक अजून सांगूक नाय."

माझ्या मानेमागून त्या बाईचा आवाज आला, "अरे, देवाक एक नारळ माझ्याय नावान सांग!"