धूळ पुसणाऱ्या बनुबाई

बनुबाईंचं माहेर शनिशिंगणापूर. बिनदाराच्या घरात वाढलेल्या बाईला एकच वैरी ठाऊक असतो, धूळ. आमच्या माळावर त्यांना राखणीला ठेवलं तेव्हा हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर बी.एस्सी. झालोय.

माळावर चाळीस डबे पसरले होते. जेवणाच्या डब्याएवढे, वर सोलरची काच. एक डबा शेजारच्याला बिनतारी निरोप देतो, तो पुढच्याला, असं करत मातीची, वाऱ्याची खबर आमच्या शेडमधल्या कॉम्प्युटरवर येते. असेच डबे पुढे दुसऱ्या ग्रहावर टाकायचे होते. तिथं माणूस नाही, वारा मात्र आहे. म्हणून पुण्याच्या वृषाली मॅडमनी बजावलं होतं, "नव्वद दिवस कोणी हात लावायचा नाही. शेळ्या हाकला, बास!"

नव्वद दिवसांत एकही डबा विझला नाही. मॅडम खुशीत पुण्याला गेल्या. बनुबाई भाचीच्या लग्नाला नेवाशाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवरचे कडेचे तीन हिरवे ठिपके गेले. तिसऱ्या दिवशी अकरा. पाचव्या दिवशी दुपारी सगळा माळ काळा. वायर हलवून बघितली, कॉम्प्युटरला दोन शिव्या दिल्या. काळा तो काळाच.

माळावर गेलो तर बनुबाई परतलेल्या. काचांवर लाल थर, आणि बाई पदरानं एकेक डबा पुसतायत.

"मावशी, हे काय?"

"रोजचंच."

"रोजचं? हात लावायचा नव्हता ना!"

"परक्यानं. मी काय परकी हाय व्हय?"

मला हसू फुटलं, आणि मग तो दुसरा ग्रह आठवला. "मावशी, तिथं कोण पुसणार?"

त्यांनी वर बघितलं. दुपारच्या आभाळात काही नव्हतं. "कुनीच न्हाई? मंग आंधळे हुतील की रं ते. लाव बाईला फोन. कामावरून काढलं तर काढू दे."

मॅडमनी सगळं ऐकलं. "अमृत, अहवाल गेलाय. काल मंजुरीही आली."

"मग माघारी मागवा की!"

"बघते."

आपल्याकडे 'बघते'चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

वारा सुटला होता. पहिल्या डब्याच्या काचेवर पुन्हा लाल कण बसायला लागले. बनुबाईंनी सवयीनं पदर उचलला आणि तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या, पुसू का नको म्हणून.