नायकाचा दुखरा पाय कोणता?

सिनेमातली माणसं स्वतःच्या पायांनी चालत नाहीत, हे पाऊलकाकांच्या बायकोला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं. पडद्यावर एक दरोडेखोर जिना उतरत होता आणि ती अंधारात ओरडली, "अगंबाई, ही तर ह्यांची पावलं!" तिचं काही चुकलं नव्हतं. चित्रीकरणात पावलांचा आवाज नीट टिपला जात नाही. मागाहून कुणीतरी स्टुडिओत पडद्याकडे बघत बघत चालून तो भरावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे पाऊलकाका. एकतीस वर्षं एका तळघरात, वाळू, खडी आणि वाळक्या पानांच्या ट्रेमध्ये ते जागच्या जागी मैलोगणती चालले होते. "जेवढे सिनेमे चालले ते माझ्या पायांवर," असं ते सांगत. "जे पडले, ते दिग्दर्शकांच्या डोक्यावर."

तर एका दाढीवाल्या दिग्दर्शकाने आपला पहिला सिनेमा काकांना दाखवायला आणला. जंगलात विमान कोसळतं, एकटा नायक वाचतो आणि भूक, अस्वल आणि तीन बंदूकवाले यांना चुकवत नवव्या दिवशी माणसांत येतो. सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "काका, अगदी खरं सांगा हं, कसा वाटला?"

असं विचारणाऱ्याला खरं ऐकायचं नसतं, हे जगाला माहीत आहे. काकांना नव्हतं.

"जंगल फर्मास टिपलंय. झाड अंगावर येतं. नटही गुणी, डोळ्यांनी बोलतो. पण नऊ दिवस उपाशी राहून त्याचे गाल वर येत चाललेत, त्याचं काय? धबधब्यावरून उडी मारतो आणि काडेपेटी कोरडी! आणि ते बंदूकवाले एवढ्या जवळून चुकतात, की मला वाटलं नायकाचे मामेभाऊ असावेत."

दिग्दर्शक आधी हसला, मग दाढी खाजवू लागला. "आणि मधली सतरा मिनिटं?"

त्या सतरा मिनिटांत काहीच घडत नव्हतं. पाय दुखावलेला नायक नदीकाठाने नुसता चालत होता. संवाद नाही, संगीत नाही, पाठलाग नाही. "लोक झोपतील," असं म्हणून निर्मात्याने ती तीन मिनिटांवर आणून वर ढोल बडवायचं फर्मान काढलं होतं. शुक्रवारी कात्री चालणार होती.

"अहो, तीच तर सिनेमाची जान!" काका उसळून म्हणाले. त्यांना उसळायला कारण होतं. एकतीस वर्षं त्यांची पावलं कधी गाण्याखाली, कधी भांडणाखाली, कधी स्फोटाखाली दबलेली. दुसरं काही नाही, फक्त पावलं, असं एकदाही घडलं नव्हतं. इथे सलग सतरा मिनिटं होती. एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले? "फक्त एक गोची आहे. नवव्या मिनिटाला त्याचा दुखरा पाय बदलतो. आधी डावा लंगडतो, मग उजवा."

पुन्हा बघितलं. खरंच! दोन दिवसांचं चित्रीकरण. रात्रीतून नट आपला पाय विसरला होता. चित्रीकरणावरच्या साठ माणसांच्या लक्षात आलं नाही ते काकांना दिसलं, कारण कुठल्या पावलाला कुठला पाय टाकायचा, हा प्रश्न फक्त त्यांनाच पडणार होता.

"संपलं," दिग्दर्शक खुर्चीत मावळला. "मग कापूनच टाकू."

पायांवर पोट भरणाऱ्या माणसाने आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. "शुक्रवारपर्यंत थांबा," काका म्हणाले. "पाय माझ्यावर सोडा." म्हणाले खरे, पण काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

घरी जेवताना बायको म्हणाली, "कालपर्यंत तुम्ही डावा गुडघा धरून बसत होतात. आज उजवा?"

"डाव्याला जपता जपता उजवाही गेला."

"जाणारच! घरातली सगळी कामं एकाच सुनेवर टाकली, की तीही एक दिवस माहेरी निघून जाते."

काकांचा घास हातातच राहिला. "काय म्हणालीस?"

"आता मी काय वावगं बोलले?"

दुसऱ्या दिवशी काका खडीत उतरले. पहिल्या मिनिटापासून डावा पाय फरफटवला आणि सगळा भार उजव्यावर टाकला. पाचव्या मिनिटाला उजवं पाऊल थोडं घसरलं, सातव्याला पुन्हा. आठव्याच्या शेवटी कॅमेरा नायकाला सोडून आकाशातल्या घारीकडे बघत होता. तेवढ्यात काकांनी एक दगड सरकवला आणि झपकन खाली बसले. मायक्रोफोनमध्ये लख्ख आवाज गेला: कट्! मागोमाग गिळलेलं "आई गं". मग पडद्यावर नायक परत आला, उजव्या पायाने लंगडत.

काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला, "झकास! हाड मोडल्याच्या आवाजासाठी काकडी मोडलीत ना?"

"काकडी टोपलीतच आहे," काका जमिनीवरून म्हणाले. "मला उठवायला या."

दिग्दर्शकाने तो तुकडा तीनदा बघितला. "दुसराही पाय जातो त्याचा... हे मी लिहिलं होतं का?"

"आता लिहिलंत म्हणा."

शुक्रवारी निर्माता आला, बघितलं, घासाघीस झाली. अकरा मिनिटं वाचली आणि ढोल घरी गेले. गेलेल्या सहा मिनिटांचं सुतक काकांनी एक संध्याकाळ पाळलं.

सिनेमा लागला तेव्हा काका बायकोला घेऊन गेले. धबधब्यानंतर काडी पेटली आणि थिएटर खो खो हसलं. "काडेपेटी कुठल्या दुकानातली रे?" कुणीतरी ओरडलं. दिग्दर्शक दोन रांगा पुढे खुर्चीत आणखी खाली गेला. बंदूकवाले चुकले, तेव्हाही शिट्ट्या झाल्या. मग नदीकाठ आला. खडीवर एक पाऊल, एक फरफट. हळूहळू खाऊच्या पिशव्यांची कुरकुर थांबली. आकाशात घार फिरली, कट् झालं, आणि पुढच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याचा दंड धरला.

"अगंबाई, दुसराही गेला! आता कसा जाणार हो हा?"

"शू!" नवरा म्हणाला. "ऐकू दे."

काकांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. "ऐकलंत का? 'बघू दे' नाही म्हणाला तो. 'ऐकू दे' म्हणाला!"

"हळू बोल," काका पडद्यावरची नजर न काढता पुटपुटले. "अजून चार मिनिटं चालायचंय."