कोंबडी बरी झाली की जातो

पूर ओसरला, रस्ता सुरू झाला आणि वडिलांनी पिशवी भरायला घेतली.

ती पिशवी आमच्या घरी बहुतेक पावसाळ्यांत येते आणि जाते. कुरुंदवाडजवळच्या आमच्या गावात पाणी चढायला लागलं की मी जाऊन वडिलांना कोल्हापूरला आणतो, आणि पाणी उतरलं की ते कुणाला न विचारता परत जातात. आई गेल्यापासून तिथं ते एकटेच. यंदा उन्हाळ्यात न्हाणीत चक्कर येऊन पडले. शेजारीण ताकाचं भांडं परत द्यायला आली म्हणून कळलं. तिला ताक आवडत नसतं तर काय झालं असतं, या विचारावर मी बरेच दिवस अडकून होतो.

म्हणून या वेळी त्यांना परत जाऊ द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि बायकोनं, आपापसात. त्यांना सांगायची हिंमत दोघांतही नव्हती. ती म्हणायची, "वडील तुमचे, तुम्ही सांगा." मी म्हणायचो, "तुझं ऐकतात ते." ही टोलवाटोलवी चालू असतानाच त्यांची कोंबडी आजारी पडली.

ही कोंबडी त्यांच्याबरोबर आली होती, गाडीच्या मागच्या सीटवर, बांबूच्या डालग्याखाली झाकून. बाकीच्या त्यांनी शेजाऱ्याच्या माडीवर ठेवल्या होत्या. हिलाच का आणलं विचारलं तर म्हणाले, "ही दुसऱ्याच्या घरात भांडती." त्या हिशोबानं ती आमच्या परसात फारच गुण्यागोविंदानं राहत होती.

त्या दिवशी सकाळी मात्र ती कोपऱ्यात पिसं फुगवून उभी होती. शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले. मध्येच खोक्यात जाऊन बसायची, जोर लावायची, काही न होता उठायची. ज्वारी टाकली तर तिनं बघितलंसुद्धा नाही. वडील हातातली पिशवी खाली ठेवून तिच्यासमोर उकिडवे बसले.

"अंडं अडकलंय," ते म्हणाले. जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "असली यष्टीत न्यायची न्हाय. बरी झाली की जातो."

मला कोंबडीची काळजी वाटायला हवी होती. वाटलीही. पण आधी हायसं वाटलं.

"धर तिला," वडील म्हणाले. त्यांचे हात हल्ली कापतात. चहाची बशी ते दोन्ही हातांनी धरतात आणि आम्ही सगळे तेवढा वेळ टीव्हीकडं बघतो. मी आयुष्यात जिवंत कोंबडी धरली नव्हती. आमचा संबंध आजवर ताटातच आला होता. मी असा काही वाकलो की बायको म्हणाली, "पकडताय का नमस्कार करताय?"

खोक्यात घालून स्कूटरवरून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेली. वडील मागं खोकं धरून. रांगेत आमच्या पुढं एक शेळीवाले गृहस्थ होते. त्यांनी खोक्यात डोकावून बघितलं.

"पावणं, कोंबडीला दवाखाना? आमच्यात हिला पातेलं दावत्यात."

"आणि म्हातारं माणूस आजारी पडलं की काय दावता?" वडील म्हणाले.

सगळी रांग हसली. मी शेळीकडं बघत राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी कोंबडीच्या पोटाखाली बोटं फिरवली. अंडं आहे, पण कवच धरलेलं नाही, म्हणाल्या. दाबायचं अजिबात नाही, आत फुटलं तर कोंबडी हातची जाईल. कोमट पाण्यात बसवायची, मग कोरडी करून उबेत, अंधारात ठेवायची. कॅल्शियमचं औषध चोचीत थेंब-थेंब. उद्यापर्यंत आलं नाही तर परत आणायची.

घरी येताना वडील मागून म्हणाले, "आम्ही दाबूनच काढायचो."

"आणि जगायच्या?"

"काही जगायच्या. काहींचा रस्सा."

परसात मोठं घमेलं मांडलं. वडिलांनी पाण्यात कोपर बुडवून बघितलं, लहान पोराच्या अंघोळीला बघतात तसं, आणि मान हलवली. मी कोंबडी पाण्यात ठेवली. आधी तिनं माझा शर्ट धुऊन काढला. मग ऊब पोटात गेली असावी. पंख सैलावले, मान खाली आली. तिचं काळीज माझ्या तळहाताखाली इतकं भरभर उडत होतं की मला माझंच ब्लडप्रेशर आठवलं. एवढ्याशा जिवात एवढी धडधड मावते कुठं?

शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून बघितलं. "भावजी, रस्सा असाच करता होय? खाली जाळ कुठाय?"

मी हसलो, पण हात हलवला नाही. मनात आलं, आत्ताच बोलावं. मी जागचा हलू शकत नाही, आणि कोंबडीला सोडून वडील उठणार नाहीत. अशी वेळ परत यायची नाही.

"आबा," मी म्हणालो, "आता इथंच राहा की."

त्यांनी घमेल्यात बोट बुडवलं. "पाणी गार झालंय. गरम घाल."

मी गरम पाणी घातलं.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. जिन्याखालच्या अंधारात तिला पोत्यावर ठेवली होती. वडील बाहेर स्टुलावर बसून होते. जेवायला हाक मारली तर "तुम्ही घ्या" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत घमेलं, पण या वेळी माझा शर्ट कोरडाच. आता ती अंग चोरतही नव्हती, नुसती हातात पडून राहायची, आणि तेच मला जास्त खुपत होतं. आज दवाखान्यात न्यायची म्हणून दुपारी खोकं काढलं आणि जिन्याखाली बघतो तर पोत्यावर काहीतरी ओलं, सुरकुतलेलं, हवा गेलेल्या फुग्यासारखं पडलं होतं. कवच नव्हतंच, नुसता पापुद्रा. कोंबडी शेजारी उभी राहून पाणी पीत होती.

वडिलांनी ते उचलून सगळ्यांना दाखवलं. बायकोनं देवापुढं दिवा लावला. मी तिला विचारलं नाही कशासाठी.

डॉक्टरीणबाईंनी काही दिवस औषध आणि आराम सांगितला होता. त्या दिवसांत वडील वेगळेच झाले. सकाळी माझ्या आधी उठायचे. अंड्यांची टरफलं वाळवून पाट्यावर बारीक करायचे, औषधाचा ड्रॉपर दोन्ही हातांनी धरून चोचीत थेंब टाकायचे. निम्मा थेंब चोचीबाहेर जायचा, पण मदत घेत नसत. घरातलं प्रत्येक जण येता-जाता विचारायचं, "कशी आहे?" आणि "बरी आहे" ऐकून कुणालाच धड आनंद व्हायचा नाही.

"मला अजून जरा मलूलच वाटते," बायको म्हणायची.

"हो ना," मी म्हणायचो. तेव्हा कोंबडी कावळ्याला भिंतीपलीकडं हुसकत असायची.

मग एका सकाळी वडिलांनी माझ्या हातात अंडं ठेवलं. गरम होतं. "नख वाजवून बघ." कवच टणक होतं. ते आत गेले आणि पिशवी घेऊन आले. ती भरलेलीच होती.

"हिला हितंच ठेव," म्हणाले. "परत अडकलं तर माझ्या हातानं धरायची न्हाय. तिथं एकटीचं कोण करणार?"

"आबा, मी तुमच्याबद्दल हेच म्हणतोय."

"मी काय अंडी घालतोय व्हय?"

बायको हसली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग वडील खाटेवर टेकले आणि हळू आवाजात बोलले. "कोंबडी पडली म्हणून चार दिवस मला हितं काम हुतं. आता ती खाती, पिती. मी उठून काय करू? तुमच्या टीव्हीकडं बघू?"

मी पिशवी उचलली. स्टँडवर त्यांनी मला औषध कधी, किती, हे पुन्हा सांगितलं आणि खिडकीशी बसल्यावर "जा आता, उशीर होतोय" म्हणाले. मला कुठं जायला उशीर होत होता, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला.

"घातलं का?"

"घातलं."

"कवच?"

"घट्ट आहे."

बायको समोरून हातानं खुणा करत होती. मान टाकून, डोळे मिटून ती मला आजारी कोंबडी करून दाखवत होती. पहिल्या यष्टीनं आले असते ते. मी परसाकडं बघितलं.

"आबा, ती आज जरा..."

"जरा काय?" त्यांचा आवाज एकदम ताठ झाला. तिकडं स्टूल सरकल्यासारखं काहीतरी वाजलं.

त्या कापऱ्या हातांनी ते घाईघाईनं पिशवी शोधतायत, अंधारात उंबरा ओलांडतायत, असं मला दिसलं.

"जरा जास्तच करते. तुमच्या सुनेची सगळी कोथिंबीर उकरून टाकली."

"उकरू दे," ते म्हणाले. "म्हंजे बरी हाय."

त्यांनी फोन ठेवला. जेवलात का, हे विचारायचं राहूनच गेलं.